आमच्या साडूंची आयरिश तिहाई

आमच्या साडूंइतका अचूक माणूस कतारमध्येच काय, साऱ्या आखातात सापडायचा नाही, आणि त्यांच्या आयुष्यातलं यच्चयावत दुःख याच एका गुणापोटी जन्माला आलेलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. मूळचे नाशिकचे. गॅसच्या एका प्लांटवर दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं असतात, ती यंत्रं बरोबर मोजतात की नाही हे मोजण्याचं काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. माणूस करतो त्या कामासारखा होत जातो म्हणतात, पण आमचे साडू जन्मतःच तसे असावेत आणि काम त्यांना हुडकत आलं असावं. अल वक्रामधल्या त्यांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजत नाही, दोन शिट्ट्यांमधलं अंतर मोजतात. जेवायला सातला बोलावलं आणि आपण सात वाजून चार मिनिटांनी पोचलो, तर रागावत नाहीत. दार उघडून घड्याळाकडे बघतात आणि ‘ट्रॅफिक होता का फार?’ असं इतक्या मायेनं विचारतात की त्यापेक्षा रागावलेले परवडले. माझ्या लग्नात गुरुजी अंतरपाट काढायला निघाले तेव्हा ‘अजून चाळीस सेकंद आहेत’ असं सांगून यांनी एक मंगलाष्टक वाढवून घेतलं होतं. माझा संसार त्यामुळे चाळीस सेकंद उशिरा सुरू झाला. बायकोच्या मते ते चाळीस सेकंदच काय ते सुखाचे होते.

अशा माणसाला म्हातारपणाच्या उंबरठ्यावर आयरिश लोकसंगीताचं वेड लागलं, आणि तेही प्रथमोपचाराच्या वर्गात. कंपनीनं सगळ्यांना सक्तीनं बसवलेला वर्ग. शिकवायला मोरीन नावाच्या एक साठीच्या आयरिश बाई, आयुष्यभर नर्सिंग केलेल्या. बंद पडलेल्या हृदयासाठी छातीवर दाब कसा द्यायचा, हे त्या रबरी पुतळ्यावर दाखवत होत्या आणि गती चुकू नये म्हणून तोंडानं त्यांच्या गावाकडची एक धून गुणगुणत होत्या. साडूंची पाळी आली. त्यांनी चार दाब दिले, धून कानावर पडली, आणि हात जागच्या जागी थांबवून विचारलं, ‘मॅडम, हा ताल कोणता?’ मोरीनबाई सांगत बसल्या, हे विचारत बसले. पुतळा तेवढ्यात दगावला.

आठवड्याभरात घरी सहा भोकांची पत्र्याची शिट्टी आली. टिन व्हिसल म्हणतात तिला. आपल्याकडे जत्रेत मिळते त्या पिपाणीची सख्खी चुलत बहीण. ताईंना वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण साडू लहानपणी नाशिकला चार वर्षं तबला शिकलेले, त्यामुळे त्यांना हे संगीत आधीच निम्मं येतं असा त्यांचा समज होता. जिग नावाचा जो आयरिश प्रकार असतो त्यात सहा मात्रा असतात हे कळल्याबरोबर त्यांनी ‘म्हणजे दादराच की’ असा निकाल दिला आणि सगळ्या धुना सरगममध्ये उतरवून, सम कुठे, खाली कुठे याच्या लाल-निळ्या खुणा करून एक वही तयार केली. दोन महिन्यांत पन्नास धुना पाठ. एक सूर इकडचा तिकडे नाही. हातात शिट्टी, समोर फोनवर लयीची टिकटिक, आणि चेहरा गेज वाचताना असतो तसा.

मोरीनबाईंच्या मदिनत खलीफातल्या घरी दर शुक्रवारी दुपारी पाचसहा जण वाजवायला जमत. साडूंना तिथे न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण ताईंनी त्यांना शुक्रवारी गाडी चालवायला बंदी केली होती. साडूंचा उजवा पाय ताल धरायचा, आणि नेमका तोच पाय ॲक्सिलरेटरवर असायचा. मग गाडी वक्राच्या रस्त्यावर दादऱ्यात धावायची. म्हणून ते मेट्रोनं यायचे, मी आमच्या फरीज बिन ओमरानच्या घरून निघून त्यांना स्टेशनवरून उचलायचो आणि पुढे घेऊन जायचो. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. मोरीनबाईंकडे चहाबरोबर जो लोण्यातला केक मिळतो तो मला कळतो.

त्या बैठकीचे रिवाज मात्र बघण्यासारखे. स्टेज नाही, श्रोते नाहीत, टाळ्या नाहीत. सगळे एकमेकांकडे तोंड करून गोलात बसतात. एक जण धून सुरू करतो, ज्यांना येते ते सामील होतात, ज्यांना येत नाही ते मुकाट्यानं ऐकतात. प्रत्येक धून तीनदा वाजवायची आणि मध्ये श्वासभरही न थांबता दुसरीत शिरायचं. पहिल्या शुक्रवारी साडूंनी तीन फेऱ्या अगदी सुरेख वाजवल्या, आणि तिसरी संपता संपता आपल्या घराण्याला जागून एक तिहाई घेतली. स्वतः बांधलेली. तोच तुकडा एकदा, दोनदा, तीनदा, आणि थाडकन समेवर येऊन शिट्टी हवेत उंच, डोळे मिटलेले, मान किंचित वाकडी. बाकीची मंडळी तोवर पुढच्या धुनेत बरीच लांब निघून गेली होती. साडूंनी डोळे उघडले तेव्हा समेवर ते एकटेच उभे होते. मी सवयीनं ‘वा’ म्हणून गेलो, तर एका बाईंनी माझ्याकडे मी शिंकल्यासारखं पाहिलं.

चहाच्या वेळी मोरीनबाई साडूंशेजारी येऊन बसल्या. बाई इंग्रजीत बोलत होत्या, पण बोलण्याची तऱ्हा आमच्या मावशीची. म्हणाल्या, ‘सूर सगळे आलेत तुला, एकही सांडला नाहीस. पण यात पाय कुठे आहेत? ही नाचायची गाणी आहेत. वाजवताना नाचणाऱ्याचे पाय ऐकू यायला हवेत.’

झालं. साडूंच्या हाती मोजायला नवीन वस्तू लागली. त्यांनी जुन्या आयरिश वादकांची रेकॉर्डिंग जमवली, कॉम्प्युटरवर त्यांचे तुकडे केले आणि शोध लावला की जिगमधल्या दर तीन सुरांपैकी पहिला थोडा लांबतो, दुसरा चोरटा पडतो. किती लांबतो याची सरासरी काढली आणि ती सरासरी हुबेहूब वाजवून दाखवायला आमच्याकडे आले. माझी मुलगी ईरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काका, यू साउंड लाइक अ मायक्रोवेव्ह.’ साडू खचले नाहीत. लय अंगात मुरावी म्हणून ते वक्राच्या समुद्रकाठी रोज संध्याकाळी एक पाय लांब आणि एक पाय आखूड टाकत चालू लागले. तिथल्या नेपाळी गार्डनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची आणून दिली. मग एक महिना नुसते उकडलेले बटाटे खाल्ले, कारण ज्या मातीतलं संगीत त्या मातीतलं अन्न. ‘एकादशी नाही, काही नाही, आणि मी रोज बटाटे उकडतेय,’ ताई माझ्या बायकोला फोनवर सांगायच्या. शेवटी आयरिश नाचाचे व्हिडिओ लावून दिवाणखान्यात उड्या मारून पाहिल्या. खालच्या मजल्यावरचा इजिप्शियन गृहस्थ वर आला, छातीवर हात ठेवून अदबीनं म्हणाला, ‘खलास, या अखी, खलास,’ म्हणजे पुरे करा हो भाऊ, आणि तो प्रयोग तिथेच संपला.

या सगळ्यावर मी यथेच्छ हसत असे. पण एका शुक्रवारी परतताना गाडीत त्यांचा तालाचा पायही हलेना. मी विचारलं तर म्हणाले, ‘पाहुणे, आज पण नाही म्हणाले.’ काय नाही म्हणाले, हे मला त्या दिवशी कळलं. त्या गोलात एखाद्याला आपलं मानलं की कोणीतरी सहज त्याच्याकडे बघून म्हणतं, ‘तू सुरू कर.’ मग धून तो निवडतो, लय तो ठरवतो, आणि बाकीचे त्याच्या मागून येतात. साडू दोन वर्षं तिथे जात होते. त्यांना चहा मिळत होता, केक मिळत होता, शेजारी खुर्ची मिळत होती; ‘तू सुरू कर’ एवढं मात्र कोणी म्हणालं नव्हतं. आपणहून सुरू करायची सोय नव्हती असं नाही, पण त्यात काय अर्थ आहे?

मी त्यांची समजूत काढायला म्हटलं, दादा, तुम्हाला काय कोणी पुरस्कार देणार आहे का त्याबद्दल. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांनी सुरू केलेल्या गोष्टी नीट चालू ठेवल्या. एकदा कोणीतरी म्हणावं, तू सुरू कर. एवढंच.’ त्यानंतर महिनाभर मी त्यांची थट्टा कमी केली. बंद करणं माझ्या स्वभावात बसत नाही.

त्यात उन्हाळ्यात कंपनीचं पत्र आलं. साठी भरत होती, नोव्हेंबरअखेर नोकरी संपणार, आणि या देशात नोकरी संपली की मुक्कामही संपतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ताईंनी दुसऱ्याच दिवसापासून भांड्यांच्या दोन राशी करायला घेतल्या, न्यायची आणि वाटायची. साडूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उरलेल्या शुक्रवारांभोवती गोल केले.

ऑक्टोबरात, हवा जरा सुसह्य झाल्यावर, आमच्या ओळखीतल्या मराठी बायकांनी एका घराच्या अंगणात भोंडला ठेवला. मध्ये पाटावर हत्तीचं चित्र, भोवती पंचवीस-तीस बायका आणि मुली, आणि गाणी फोनवरून स्पीकरवर. कारण शब्द कोणालाच धड येत नव्हते. पहिल्याच गाण्याला स्पीकरनं मान टाकली. ताईंनी उत्साहाच्या भरात जाहीर केलं की आमचे हे वाजवतील. शिट्टी खिशात पेनसारखी अडकवलेली असायचीच. चाली बहिणींच्या भोंडल्यात ऐकून लहानपणापासून डोक्यात होत्या. साडूंनी आधी फोनवर टिकटिक लावली, घसा साफ केला, जो वाजवायचा नसतो, आणि सुरुवात केली. बायका फिरायला लागल्या खऱ्या, पण कोणाचा पाय कुठे नि कोणाचा कुठे. आणि कडवं संपल्यावर साडूंनी सवयीनं तिहाई टाकून समेवर खटका दिला, तेव्हा पुढच्या मुली थबकल्या आणि मागच्या त्यांच्यावर जाऊन आदळल्या.

त्या गोलात बीडच्या एक आजी होत्या. मुलाकडे व्हिजिटवर आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारीतल्या. त्या रिंगण सोडून थेट साडूंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

‘आवं, वाजवायलात का मोजायलात?’ त्या म्हणाल्या. ‘आमचा पाय कुठं पडायला ते बघा की जरा. आन् मधीच थांबू नका. आमी थांबल्यावर थांबा.’

एवढं बोलून त्यांनी तो टिकटिकणारा फोन उचलला, खिरापतीच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. साडूंच्या तोंडचा रंगच उडाला. आयुष्यात पहिल्यांदा ते मापाशिवाय उघड्यावर पडले होते. दुसरं काही धरायला नाही म्हणून त्यांनी आजींच्या पायांकडे पाहिलं. आजींचा उजवा गुडघा नीट वाकत नव्हता, त्यामुळे तो पाय जमिनीवर क्षणभर जास्त रेंगाळायचा आणि डावा त्याची भरपाई करत लगबगीनं पडायचा. साडू त्या पायांमागे वाजवत राहिले. दुसऱ्या फेरीत त्यांचे खांदे सैल झाले, तिसऱ्या फेरीत मुली आपोआप एका पावलात आल्या, आणि मग कोणी थांबेचना. आजी थांबत नाहीत म्हणून साडू थांबू शकत नाहीत, आणि साडू थांबत नाहीत म्हणून बाकीच्या. एका चालीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. सम कुठे ठेवायची याला जागाच उरली नाही. मी कडेला डिशा मांडत होतो. एका डिशमध्ये पाच लाडू गेले आणि एकीत एकही नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा पाय हलतोय. ईरा माझ्या हातातली डिश काढून घेऊन म्हणाली, ‘बाबा, यू आर डान्सिंग.’ मी तसं काही केल्याचं मला मान्य नाही.

गंमत म्हणजे साडूंना यातलं काहीच कळलं नाही. परतताना ते भयंकर नाराज होते. लय पळाली, फोन तुपकट झाला, दोन ठिकाणी सूर घसरला, आणि एकंदरीत फार अजागळ कार्यक्रम झाला असं त्यांचं मत होतं. मी त्यांना काही सांगायला गेलो नाही. त्यांनी लगेच त्या गुडघ्याचं माप घेतलं असतं.

पुढच्या शुक्रवारी मोरीनबाईंकडे वाजवताना बाईंनी व्हायोलिनवरून मान वर करून साडूंकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. सुरू करायला मात्र त्यांनी दुसऱ्याच कोणाला सांगितलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. कॅलेंडरवरचे गोल संपत आले आणि अखेरचा शुक्रवार उजाडला. ताईंनी दिवाळीच्या चकल्या दिल्या होत्या, त्या सगळ्यांनी खाल्ल्या, निरोपाची दोन-दोन वाक्यं बोलून झाली, तासभर वाजवणंही झालं. साडूंनी शिट्टी पुसून पिशवीत घालायला घेतली. मी गाडीची किल्ली काढली. खरं सांगतो, मला त्या सगळ्या गोऱ्या मंडळींचा तेव्हा मनस्वी राग आला होता. काय जातं तुमचं दोन शब्द बोलायला, असं मी मराठीत मोठ्यानं म्हणणारच होतो.

तेवढ्यात मोरीनबाई व्हायोलिनची खुंटी पिळता पिळता, मीठ मागावं इतक्या साधेपणानं म्हणाल्या, ‘तू सुरू कर.’

साडूंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग त्यांनी शिट्टी पुन्हा बाहेर काढली. त्यांनी अगदी साधी, नवशिक्यांना शिकवतात ती जिग घेतली आणि तीही संथ. पहिली फेरी कोणीच त्यांच्यात आलं नाही. नंतर कळलं, सुरू करणाऱ्याची लय नीट ऐकून घ्यायची म्हणून ते थांबले होते. दुसऱ्या फेरीत मोरीनबाईंचं व्हायोलिन आलं, मग एकेक करून सगळे आले, आणि साडू पुढे आणि ती सगळी मंडळी त्यांच्या मागून निघाली. तिसरी फेरी संपत आली तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले. पण साडू थांबले नाहीत. ते पुढच्या धुनेत शिरले आणि सगळ्यांना बरोबर घेऊन गेले.

वाजवून झाल्यावर मोरीनबाईंनी विचारलं, ‘हे कुठून आणलंस?’ ज्या माणसाकडे कुकरच्या शिट्ट्यांचाही तक्ता आहे तो माणूस हातातल्या शिट्टीकडे बघून म्हणाला, ‘माहीत नाही.’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. परतताना एका सिग्नलला मी सहज बघितलं तर ते चष्मा काढून पुसत होते, आणि एसीमुळे काचेवर वाफ आली असं त्यांनी न विचारताच सांगितलं. मला फार बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला.

आता ते नाशिकला असतात. शुक्रवारची माझी दुपार मोकळी पडते, आणि मला ती मोकळी दुपार अजिबात आवडत नाही. हे त्यांना मी कधी सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो आहे. फोन मात्र दर शुक्रवारी न चुकता येतो, त्यांच्या साडेसहाला, म्हणजे आमच्या चारला, चारच्या ठोक्याला. परवाही आला. भाज्यांचे, पुतण्यांचे, पाण्याच्या टाकीचे सगळे वृत्तांत सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘वाजवतो हो रोज. पण पाहुणे, इथे तू सुरू कर म्हणणारं कोणी नाही.’

मी आयुष्यात त्यांच्याशी एवढं गंभीर कधी बोललो नव्हतो. म्हटलं, ‘दादा, मी म्हणतो. करा सुरू.’

‘आत्ता? फोनवर?’ ते म्हणाले. ‘आवाज तुटतो, पाहुणे. उशिरा पोचतो. तुम्हाला लय कळायची नाही.’

‘कळेल,’ मी म्हणालो.

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि ओट्यावर ठेवला. बायको पोळ्या लाटत होती, तिनं लाटणं बाजूला ठेवून गॅस बारीक केला.